पंचगंगेचं पाणी बघून उरकलेलं डोहाळजेवण

वहिनीला सातवा लागला तो नेमका आखाडात. आत्ती म्हणाली आखाडात कसलं डोहाळजेवण, श्रावणात करा, पण श्रावण येईपर्यंत आठवा लागत होता आणि आठव्यात आमच्याकडं करत नाहीत, मग आईनंच निकाल लावला, "पोटातल्याला काय आखाड कळतोय?" रविवार धरला, साठ माणसांचा छोटा हॉल बघितला, पाच हजार अॅडव्हान्स भरला. बाकी सगळं माझ्या गळ्यात, कारण मी नणंद, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतनं शिवाजी पेठेत यायला मला दहाच मिनिटं लागतात असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत आहे.

वहिनीचं माहेर प्रयाग चिखली. पंचगंगा फुगली की पहिल्यांदा पाणी शिरतं ते चिखली-आंबेवाडीत, 2019 ला आणि परत 2021 ला त्यांनी घर सोडलेलं. तरी तारीख धरताना आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नाही, शहरात राहून आपण असे होतो बघा. बुधवारी सकाळी मावशींचा, म्हणजे वहिनीच्या आईंचा फोन, "ताई, शिवारात पाणी आलंय, ह्यांनी म्हशी वर सोनतळीला न्यायचं चालवलंय." नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर तेव्हा 34 फूट होतं. इशारा 39 ला, धोका 43 ला. अजून पाच फूट आहेत की, मी म्हटलं, तर दादा म्हणाला राधानगरी धरण भरत आलंय, त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, ते तुझ्या रविवारसाठी थांबणार नाहीत. आणि लेकीच्या डोहाळजेवणाला आईच नाही म्हटल्यावर कशाला करायचं?

शुक्रवार ठरला. हातात दोन दिवस.

हॉलवाल्यानं पैसे परत देणार नाही म्हणून सांगितलं, तारीख तुम्ही बदलली म्हणे, पुढच्या कार्यक्रमाला वळते करून घेतो. दादा म्हणाला बारशाला वापरू. आचाऱ्याला फोन लावला तर तो हसायलाच लागला, "आखाडातला शुक्रवार हाय ताई, मटणाच्या जेवणावळी सोडून तुमची पुरणपोळी कोण लाटणार?" त्याचंही बरोबर, त्याच दिवशी आमच्या गल्लीची टेंबलाई देवीची जत्रा होती हे मी पार विसरलेले. मग माणसं साठाची पंचवीस केली (ज्यांना नाही सांगितलं ते अजून बोलत नाहीत, बोलतील हळूहळू), आणि गल्लीतल्या चार काकूंना हाताशी धरून घरातच स्वयंपाक मांडला. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, कांदाभजी, काकडीची कोशिंबीर.

आता खरी अडचण सांगते. आदल्याच आठवड्यात वहिनीची शुगर टेस्ट झालेली. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातनं प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, आकडा 140 च्या आत पाहिजे, हिचा आला 152. डॉक्टरांनी घाबरवलं नाही, पण गोड बंद, भात कमी, जेवणानंतर चालायचं असं सांगितलं. आणि डोहाळजेवणात करतात काय, तर येईल ती बाई हिच्या तोंडात गोड कोंबणार! पंचवीस बायका, घासघासभर म्हटलं तरी हिशोब करा. वहिनी स्वभावानं अशी की कुणाला नाही म्हणणार नाही, आणि मग रात्री एकटी रडत बसणार.

म्हणून मी तिचं ताटच वेगळं केलं. ज्वारीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, मेथीची भाजी, दही आणि पुरणपोळीचा अगदी दोन बोटांएवढा तुकडा. येणाऱ्या प्रत्येकीला दारातच सांगितलं, भरवायचं तर ह्याच ताटातलं भरवा. आत्ती फुगली, "एका पेढ्यानं काय होतंय, आम्ही काय पोरं काढली नाहीत?" मी रिपोर्टचा कागदच दाखवला. तिनं चष्मा लावून तो सगळा वाचला, मग म्हणाली, "बरं, मग भाकरीवर लोणी तरी घाल की."

फुलांची वाडी शिंगोशी मार्केटातनं आणली, कंबरपट्टा, बाजूबंद, मुकुट, सगळं निशिगंधाचं. पावसात फुलं महाग, बावीसशे गेले, आणि वासानं हिला दहा मिनिटांत मळमळायला लागलं. मुकुट आणि गजरा ठेवला, बाकीची वाडी झोपाळ्याला बांधली. फोटोत झोपाळाच जास्त नटलेला दिसतोय.

ओटी भरताना मावशींचा हात थरथरत होता. हिरवा खण, नारळ, गहू, पाच फळं, सगळं त्यांनी चिखलीहून प्लॅस्टिकच्या पोत्यात गुंडाळून आणलेलं, साडीच्या काठाला चिखल तसाच. दुसऱ्या काकूंनी डोहाळ्याचं गाणं धरलं आणि खालनं नेमकी जत्रा निघाली, पी ढबाक, पी ढबाक, नदीचं नवीन पाणी भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन बायका टेंबलाईच्या टेकडीकडं निघालेल्या. गाणं कुणालाच ऐकू येईना. वहिनी झोपाळ्यावरनं उठून खिडकीत गेली, सगळ्या तिच्या मागं, खालच्या बायकांनी हिरवी साडी आणि मुकुट बघून वर हात केले. त्या दिवशी ती मोकळी हसली ती तेवढीच.

पुण्याच्या मामेबहिणीनं आधी व्हिडिओ पाठवून विचारलेलं, जेंडर रिव्हील का करत नाही म्हणून. म्हटलं बाई, आपल्याकडं 1994 चा कायदा आहे, पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे विचारणंही गुन्हा. आमचं आपलं पेढा आणि बर्फी दोन वाट्यांत झाकून ठेवायचं, पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. वहिनीनं उघडली त्यात बर्फी निघाली, ती न खाता तिनं दादाच्या हातावर ठेवली.

चार वाजता मावशी निघायला लागल्या. खरं तर वहिनी त्यांच्याबरोबरच बाळंतपणाला जायची होती, बॅग भरून दारात ठेवलेली, पण त्या रस्त्यानं तिला पाठवायचं धाडस कुणाला होईना. बॅग तशीच राहिली. रात्री 38 फूट, शनिवारी सकाळी 39 ओलांडलं.

रविवारी, म्हणजे जो दिवस आम्ही आधी धरलेला त्याच दिवशी, दुपारी रिक्षा थांबली. मावशी उतरल्या, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची किटली. "म्हशी सोनतळीला, मी हितं," म्हणाल्या, आणि आत जाऊन पहिलं दूध तापत ठेवलं.