धावणारी आणि मुक्काम करणारी

इंदूरच्या माणसाने शिडाच्या होड्यांवर लिहायला घ्यावे, याचे कोणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. समुद्र आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे आणि गावातली नदी होडी घालण्याजोगी नाही. पण शेजारच्या देवास जिल्ह्यातल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीतच रौप्यपदक मिळवले आणि तिची तयारी झाली ती भोपाळच्या मोठ्या तलावावर. तेव्हा माळव्याचा या विषयाशी अगदीच संबंध नाही असे आता म्हणता येत नाही. माझे कुतूहल मात्र पदकांचे नसून दोन जुन्या, दोघांनी चालवायच्या होड्यांचे आहे. एक शर्यतीची म्हणून ओळखली जाते, दुसरी भटकंतीची, आणि दोघींच्या जन्मात जेमतेम वर्षाचे अंतर आहे.

पहिली एंटरप्राईझ. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ मध्ये ती आखली. लांबी चार मीटरांहून किंचित जास्त, नुसत्या सांगाड्याचे वजन नव्वद किलोंच्या घरात आणि शीड फिक्या निळ्या रंगाचे, जे लांबूनही ओळखू येते. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेतल्या मुलामुलींच्या अनेक पिढ्या हिच्यावरच शिकल्या. भोपाळचे माझे मेहुणे त्यांतलेच एक, त्यामुळे या होडीविषयी त्यांच्यापुढे वावगा शब्द काढायची सोय नाही. जुनी लाकडी एंटरप्राईझ कशी पारखावी हे त्यांनीच मला दाखवले. होडी पालथी घालायची आणि मधली फळी ज्या खाचेतून खाली उतरते त्या खाचेच्या कडेने अंगठ्याचे नख दाबत जायचे. प्लायवुड जिथे बिस्किटासारखे दबते तिथे पाणी मुरलेले असते. पितळी स्क्रूभोवती हिरवट कडे दिसले तर तिथला जोड उघडून पाहावा लागतो. रंग कितीही ताजा असला तरी तो या प्रश्नांचे उत्तर देत नाही, उलट बहुधा ते लपवतो.

पाण्यावर ही होडी चपळ आहे, आणि चपळाईची किंमतही वसूल करते. भोपाळच्या मोठ्या तलावावर श्यामला टेकड्यांच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला की क्षणात ती कलते. दोघांनी पाय पट्ट्यांत अडकवून अंग बाहेर झोकले नाही तर शीड पाण्याला टेकते. पाठच्या वाऱ्यात तर ती दोन्ही बाजूंना अशी डोलू लागते की सुकाणूवरचा हात ढिला पडला तर आडवी झालीच म्हणून समजा. त्यातही जुन्या लाकडी होड्यांत तरंगण्यासाठी फक्त हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे उलटून सरळ केली तरी आत पाणी भरलेले राहते आणि ते बादलीने उपसत बसावे लागते. विशीत या सगळ्याची मजा वाटते. साठीत मजा वाटते ती दुसऱ्याची पाहताना.

दुसरी वेफेअरर, इयान प्रॉक्टर यांची, १९५७ ची. लांबी ४.८ मीटर, वजन १७० किलोंच्या आसपास, म्हणजे पहिलीच्या दुपटीला थोडेच कमी. मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका तळ्यावर मला हिच्यात बसायला मिळाले आणि बसल्याबसल्या फरक कळला. आपण काठावर पाय ठेवला तरी ही फारशी हलत नाही. आत बाके आहेत, पाय पसरता येतात, आणि पुढे-मागे झाकणबंद कप्पे आहेत, ज्यांत अंथरुण, स्टोव्ह आणि दोन दिवसांचा शिधा कोरडा राहतो. रात्री शिडाच्या खालच्या दांड्यावर ताडपत्री टाकली की तळाच्या फळ्यांवर दोन माणसे झोपू शकतात. फ्रँक डाय या गृहस्थांनी एका सोबत्यासह १९६३ मध्ये अशाच उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले आणि पुढच्या वर्षी नॉर्वे; त्या दुसऱ्या सफरीत वादळात होडी पुनःपुन्हा उलटली, डोलकाठी मोडली, तरी दोघे पोहोचले. याला मी धाडस म्हणायला तयार आहे, शहाणपण म्हणायला नाही.

गंमत अशी की ओळखीच्या या दोन पाट्या तपासायला गेले तर नीट चिकटत नाहीत. शर्यतीची म्हणवणाऱ्या एंटरप्राईझच्या पहिल्या दोन होड्यांनी जाहिरातीसाठी रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडली होती. उलट, वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा ब्रिटनमध्ये वेळेच्या हिशेबासाठी जे आकडे वापरतात, त्यांत वेफेअररचा आकडा साधारण ११०० आणि एंटरप्राईझचा ११२० च्या आसपास असतो. आकडा जितका कमी तितकी होडी वेगवान मानली जाते. म्हणजे वेफेअररला एखाद्या फेरीला ५५ मिनिटे लागली तर एंटरप्राईझने ५६ मिनिटांत यावे, असा हा हिशेब. लांब होडी भरधाव पाणी कापते आणि पाठच्या वाऱ्यात स्पिनेकर नावाचे फुगीर शीडही लावू शकते. एंटरप्राईझच्या नियमांत ते बसत नाही. मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ‘मंद वाऱ्यात या म्हणावं’ एवढेच उत्तर दिले, आणि त्यातही तथ्य आहे, कारण झुळूक असते तेव्हा हलक्या होडीला जाग आधी येते.

माझ्या मते निवड होडीकडे पाहून नव्हे तर पाण्याकडे पाहून करावी. मोठा तलाव बोयांभोवती, म्हणजे पाण्यात तरंगत्या खुणांभोवती, फेऱ्या मारायला उत्तम. तिथे संध्याकाळी घरी जायचेच असते, मग कप्पे कशाला हवेत? नर्मदेवरच्या इंदिरासागराची गोष्ट वेगळी आहे. भरला की सुमारे नऊशे चौरस किलोमीटरचा पसारा, हनुवंतियाच्या बाजूला बेटेच बेटे. २००४ मध्ये बुडालेले हरसूद हे गावही याच पाण्याने गिळले, आणि ते ठाऊक असलेल्याला तिथे निव्वळ सहलीच्या मनाने फिरता येणार नाही. पण दोन-तीन दिवस बेटाबेटाने जायचे तर वेफेअररच हवी.

मेहुण्यांचा आक्षेप व्यवहाराचा आहे. ‘भाऊजी, उन्हाळ्यात पाणी किती मागे जातं पाहिलंय ना? त्या चिखलातून तुमची पावणेदोनशे किलोंची होडी ओढणार कोण? माझी घ्या, तंबू किनाऱ्यावर ठोकू.’ आक्षेप खरा आहे. त्याला उपाय दोनच: सफर पावसाळ्यानंतर, जलाशय भरलेला असताना काढायची, आणि ट्रॉलीला बारीक टणक चाकांऐवजी हवा भरायची रुंद चाके बसवायची. तंबूची सूचना मात्र मला मान्य नाही. किनाऱ्यावरच झोपायचे असेल तर मग मोटारीने गेलेले काय वाईट?