विस्कॉन्सिनचं मूळ, हाँगकाँगचा भाव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आमच्या वॉसॉ गावाबाहेर पडलं की मक्याच्या शेतांमधून मधेच काळ्या कापडाचे बुटके मांडव दिसतात. भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, नर्सरी आहे का? त्याखाली जिनसेंग असतं, म्हणजे चिनी वैद्यकात औषध म्हणून वापरतात ती मुळी. अमेरिकेत शेतात पिकणाऱ्या जिनसेंगपैकी जवळपास सगळं या एका मॅरेथॉन काउंटीच्या आसपास होतं, आणि त्यातला मोठा वाटा हाँगकाँग आणि चीनला जातो.

पिकवणारे मात्र ते फारसे खात नाहीत. ऑफिसातल्या एका मित्राच्या घरची ही शेती. गेल्या हंगामात त्याच्याकडे गेलो, तेव्हा काका पिंपात हात घालून मुळं निवडत होते. आखूड, जाड, अंगावर बारीक वळ्या असलेलं मूळ एकीकडे. गाजरासारखं लांब, गुळगुळीत दुसरीकडे. मला तर दुसरंच देखणं वाटलं, पण भाव पहिल्याला. एक तुकडा चघळायला दिला. आधी कडूजहर, मग घशात किंचित गोडी. चिनी व्यापारीही असंच चघळून माल पारखतात म्हणे.

चिनी वैद्यकात कोरियन जिनसेंग उष्ण आणि अमेरिकन थंड मानतात, म्हणून दोन्हींना गिऱ्हाईक आहे. पपई उष्ण, सब्जा थंड हे ऐकत वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. ज्यांचं घर यावर उभं राहिलं त्या काकांना मात्र अजूनही हे गौडबंगालच वाटतं!

हा व्यापार अमेरिकेइतकाच जुना आहे. चीनमधल्या एका जेझुइट पाद्र्याने केलेलं वर्णन वाचून लाफितो नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने 1716 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या जंगलात ही वनस्पती हुडकली. पुढे 1784 च्या फेब्रुवारीत 'एम्प्रेस ऑफ चायना' हे जहाज न्यूयॉर्कहून चीनमधल्या कॅन्टन बंदराला निघालं, ते सुमारे 30 टन जिनसेंग भरून. नव्या देशाकडे चीनला हवंसं वाटेल असं फार काही नव्हतंच. पुढच्या वर्षी जहाज चहा आणि चिनी मातीची भांडी घेऊन परतलं. टॅरिफवरच्या, म्हणजे आयात करांवरच्या चर्चा ऐकताना मला हे जहाज आठवतं.

2018 मध्ये चीनने अमेरिकेच्या आयात करांना प्रत्युत्तर म्हणून ज्या मालावर 15 टक्के जादा कर लावला, त्यात जिनसेंगही होतं. बातम्यांत सगळा गाजावाजा सोयाबीनचा. अहो, सोयाबीनवाला पुढच्या वर्षी मका पेरेल. इथे बी टाकल्यापासून मूळ काढेपर्यंत तीन-चार वर्षं जातात. करार मोडो की जुळो, पीक जमिनीतच. शिवाय एकदा जिनसेंग काढलं की त्या जमिनीत ते पुन्हा नीट येत नाही, मुळं कुजतात. दर वेळी नवी जमीन शोधायची आणि मांडव उचलून तिकडे न्यायचा.

काकांना विचारलं, नवीन पेरा करणार का? म्हणाले, "बी तर घेऊन ठेवलंय. जमीनवाला भाडं किती सांगतो बघू."