सत्तर रुपये वारले

आमच्या सांगलीच्या गावभागातल्या गल्लीत कुणाची उसनवारी बुडाली, की तो एवढंच म्हणतो, "सत्तर रुपये वारले." बुडालेले पाच हजार असोत नाहीतर पन्नास, वारतात ते सत्तरच. ऐकणाराही पुढं काही विचारत नाही.

हे बोलणं आम्हाला गणपतीत मिळालं. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला आणि नंतर मंडळानं तो रस्त्यावर दाखवला. दोन खांबांना मांजरपाट ताणून बांधलेलं असायचं. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागं बसावं लागे. तिथून पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसत, पण ऐकू सगळं नीट येई. रीळ बदलताना दिवा लागला, की भडंगाचे कागद हातोहात फिरत. पुढं प्रोजेक्टर बदलले, सिनेमा बदलला नाही. दरवर्षी तोच. अशोक सराफांच्या आधी अख्खी गल्ली बोलायची.

मूळ कथा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. पण आमच्या तोंडात बसले ते वसंत सबनीसांचे शब्द. मला त्याचं कारण असं वाटतं, की ते बोलायला कुणाचा आवाज काढावा लागत नाही. 'शोले'तला गब्बर म्हणायचा तर उठून उभं राहावं लागतं, घसा खरवडावा लागतो. "धनंजय माने इथेच राहतात का?" हे तर पोस्टमनही विचारतो. आमच्या आज्यासुद्धा भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

शेजारच्या काकूंची सून कराडची. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत, आरती झाल्यावर काकूंनी तिला पुढं केलं आणि चेहरा न हलवता म्हणाल्या, "हा आमचा सून." पोरगी बावरेल असं वाटलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "पार्वती." त्या दिवसापासून ती सगळ्यांची पार्वतीवहिनी. तिचं खरं नाव मला लग्नपत्रिकेवरचं तेवढं आठवतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गल्लीत वीज नव्हती. खालचे मजले पाण्यात, माणसं माडीवर. दुसऱ्या रात्री तर कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. तेवढ्यात अंधारातून बोट आली आणि मंडळातल्याच एका पोरानं हाक दिली, "धनंजय माने इथेच राहतात काऽऽ?"

क्षणभर काहीच नाही. मग समोरच्या माडीवरून आजींचा आवाज आला, "राहतात. पाण्याचे कॅन आधी वर द्या."

एकेक खिडकी उघडत गेली.

२ सप्टेंबरला गणपती बसले. आरास नव्हती, वर्गणी मागायला कुणी गेलं नाही. सिनेमा मात्र लावला, पुराची रेघ उमटलेल्या भिंतीवर मांजरपाट ठोकून. ज्यांची दुकानं भिजली होती ते पुढंच मांडी घालून बसले होते. सत्तर रुपयांची वेळ आली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणाले.