तुम्ही विचारलंत म्हणून: तो पिवळा मासा कुठल्या कॅमेऱ्याने काढला?

माझा पाण्याखाली काढलेला तो फोटो पाहिला की पहिला प्रश्न हाच. मासा कोणता, किती खोल होता, तो असा टक लावून का बघतोय, हे कुणी विचारत नाही. कॅमेरा कुठला? आणि त्याला लागूनच: मग मी कुठला घेऊ? याची मी आजवर तीन उत्तरं देत आले. घाईत असले तर मॉडेलचं नाव. सवड असली तर अर्ध्या तासाचं व्याख्यान. वैतागलेली असले तर 'कॅमेऱ्याचं सोडा, आधी पाण्यात स्थिर राहायला शिका' असा आगाऊ सल्ला, जो ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. तिन्ही खरी आहेत. तिन्हींत मी एक गोष्ट गाळते. आज ती सांगते, पण आधी व्याख्यान, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही.

पाणी लाल रंग खातं. ५ मीटरवर लाल जवळजवळ गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटी सगळं निळं-करडं. खोली हा त्यातला अर्धाच हिशेब. उजेडाने पाण्यातून एकूण किती अंतर कापलं ते मोजायचं. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, उजेड १ मीटर जाऊन माशावर पडतो आणि १ मीटर परत लेन्सपर्यंत येतो, म्हणजे २ मीटर पाण्याने त्यातला लाल चाखलेला असतो. त्यामुळे झूमचं कौतुक मला सांगू नका. झूमने मासा मोठा होतो, मधलं पाणी तेवढंच राहतं आणि त्यात तरंगणारा कचराही. हाताच्या अंतरावर जाता आलं पाहिजे. बारीक जीव असेल तर मॅक्रो लेन्स, आख्खं दृश्य हवं असेल तर फिशआय. मधल्या लेन्सा पाण्यात फारशा कामाच्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत.

आता कॅमेरे. नुसत्या आठवणी हव्या असतील तर गोप्रो पुरे. १० मीटरपर्यंत तो उघडाच चालतो, केस घातली की पुष्कळ खाली जातो. टीजी घराण्यातले कॅमेरे, ऑलिम्पसचा टीजी-६ आणि त्यानंतर ओएम सिस्टीम या नावाने आलेला टीजी-७, हाउसिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या पाणबंद कवचाशिवाय, १५ मीटर सोसतात आणि १ सेंटीमीटरवरून फोकस करतात. त्यांना पूर्ण मॅन्युअल मोड नाही, ही त्यांची खरी उणीव, आणि ती पहिल्या ५० डायव्हमध्ये तुमच्या लक्षातही येणार नाही. पुढची पायरी मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारे कॅमेरे. इथे लोक फसतात ते हाउसिंगमध्ये. हाउसिंग एकाच मॉडेलसाठी घडवलेलं असतं, कित्येकदा बॉडीपेक्षा महाग पडतं, आणि बॉडी बदलली की ते शोभेला उरतं. शिवाय पोर्ट, म्हणजे हाउसिंगची लेन्ससमोरची काच: मॅक्रोला सपाट, फिशआयला घुमटासारखा डोम. सपाट पोर्टमागे वाइड लेन्स लावली तर पाणी आणि हवा यांच्यातल्या वक्रीभवनाने तिचा कोन आक्रसतो आणि कडांचे रंग फाटतात. म्हणून बजेट करताना बॉडी शेवटी लिहा. आधी स्ट्रोब, मग पोर्ट, मग हाउसिंग.

सेन्सरबद्दल, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपबद्दल, मात्र मला माझ्याच जुन्या बोलण्याशी भांडायचंय. काही वर्षांपूर्वी मी भेटेल त्याला 'मोठा सेन्सर घ्या' म्हणायचे. का? तर जमिनीवर ते खरं होतं आणि मला पाण्यात उतरून जेमतेम वर्ष झालं होतं. मॅक्रोला मी एफ/१६ वर असते, म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं भोक, अगदी बारीक; आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २००; उजेड सगळा स्ट्रोबचा. तिथे मोठ्या सेन्सरने काय कमावलं? उलट छोट्या सेन्सरला तेवढ्याच अ‍ॅपर्चरवर माशाचा डोळा आणि शेपटी दोन्ही फोकसमध्ये मिळतात. फुलफ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, फिशआय सोडून साधी वाइड लेन्स लावली, तर कोपरे धड यावेत म्हणून डोमही टोपल्याएवढा लागतो आणि अ‍ॅपर्चरही मिटावं लागतं. एवढं सगळं पटूनही, बुडालेल्या जहाजाच्या पोटात, जिथे स्ट्रोब पोचत नाही आणि वरून फटीतून उजेडाची एकच तिरीप येते, तिथे मी दुसऱ्यांच्या फुलफ्रेमकडे हावरटासारखी बघते. तेव्हा माझं म्हणणं काय? दिवसागणिक बदलतं.

तुम्हाला वाटत असेल, गाळलेली गोष्ट म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरलं असणार. शिरलं होतं. ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंग पाणबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस, माझाच. एक बॉडी आणि एक लेन्स गेली. तेव्हापासून ओ-रिंग बॅटरीच्या उजेडात बोटावरून फिरवून बघते, व्हॅक्यूम पंपाने हवा ओढून हाउसिंग अर्धा तास तसंच ठेवते, आणि हवा आत शिरत नाही हे सांगणारा दिवा हिरवा राहिला तरच पाण्यात उतरते. ते रडगाणं सगळेच सांगतात. तोटा माझा होता, मी सोसला.

ही गोष्ट वेगळी आहे.

मी नुकतीच कॉम्पॅक्टवरून मिररलेसवर आले होते. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, ६० मिमी मॅक्रो, दोन लांब आर्मवर, म्हणजे दांड्यांवर, दोन स्ट्रोब. कॉम्पॅक्ट एका हातात मावायचा, दुसरा हात मोकळा. हे धूड दोन्ही हातांनी धरावं लागे, आणि पाण्यात ते चांगलंच जड होतं. आर्मवर फ्लोट, म्हणजे वजन हलकं करणारे तरंगते तुकडे, लावा असं सांगणारे भेटले होते, मी 'पुढच्या खेपेला' म्हटलं होतं. ९ मीटरवर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळात तो होता: कोरल गोबी, लिंबासारखा पिवळाजर्द, अंगठ्याच्या पेराएवढा. हा मासा अशा फांद्यांतच राहतो, तिथेच अंडी घालतो, जरा सावली पडली की मागे सरकतो. माझ्याकडे सारखी पाठ. मी २० मिनिटं त्याच्यासमोर लटकून होते. टाकीतली हवा अर्ध्याच्या खाली गेलेली. आणखी थोडं पुढे. आणखी थोडं.

मग पाण्याचा हेलकावा आला. तो आला हे खरं आहे, आणि इतकी वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत होते. पण त्या दिवशी हेलकावा दर १०-१२ सेकंदांनी येत होता, मला माहीत होता, आणि तो मोजून मागे सरकायची माझी सवय होती. जुन्या कॅमेऱ्यासोबतची सवय. या वेळी माझा डोळा व्ह्यूफाइंडरला चिकटलेला होता आणि डावा स्ट्रोब माझ्या नजरेच्या दीड हात बाहेर होता.

आवाज फार बारीक आला. कोरडी काटकी मोडावी तसा. कानाने ऐकला की आर्ममधून हाताला कळला, आज सांगता येणार नाही. मी बघितलं. बोटभर लांबीची फांदी खाली वाळूत पडली होती, आणि जिथून ती तुटली तिथे टोक पांढरंशुभ्र, ताज्या मोडलेल्या खडूसारखं, मध्ये बारीक भोकं. बाकी सगळं प्रवाळ तपकिरी, जिवंत. आणि त्याच क्षणी मासा वळला. त्याच्या घराची भिंत गेली होती. तो सरळ माझ्याकडे तोंड करून थांबला.

मी शटर दाबलं.

एकदा दाबलं असतं तर म्हटलं असतं, बोट आधीच तिथे होतं. कार्डावर वेळा नोंदलेल्या आहेत. ११:४२:०७ ला मासा पाठमोरा. ११:४२:३१ ला समोर. त्यानंतर आणखी ११ फ्रेम, शेवटची ११:४३:५० ची. म्हणजे फांदी मोडल्यावर मी सव्वा मिनिट तिथे होते आणि त्या सव्वा मिनिटात मी स्ट्रोबची पॉवर एकदा कमी केली, एकदा वाढवली. तुम्ही सगळे ज्या नजरेचं कौतुक करता, 'काय धीट आहे हो', ती या सव्वा मिनिटातली आहे.

बोटीवर हाउसिंग गोड्या पाण्याच्या टबात बुडवताना माझ्या डायव्ह-बडीने विचारलं, "मिळाला का गं, पाहिजे तसा?" ती माझ्या डावीकडेच होती. मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि आपला रेग्युलेटर धुवायला घेतला. आम्ही पुढे कितीतरी डायव्ह एकत्र केले, हा विषय निघाला नाही.

घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. खाली उजव्या कोपऱ्यात तो पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. मी फोटो कापून चौकट चौकोनी केली, तो कोपरा गेला. 'रचना सुधारते' असं मनात म्हणाले, आणि खरं सांगायचं तर सुधारतेही.

फांद्यांचं प्रवाळ त्यातल्या त्यात भरभर वाढतं, काही जाती वर्षाला १० सेंटीमीटरही. तेव्हा ती फांदी केव्हाच भरून आली असेल, असं मी एका माणसाला ऐकवलं होतं. नांगरांनी आणि वादळांनी याच्या हजारपट मोडतं, हेही ऐकवलं होतं. दोन्ही खरं आहे. दोन्ही वेळा मी नको इतक्या मोठ्या आवाजात बोलत होते.

तर, कोणता घ्यावा? कॉम्पॅक्ट घ्या, एक स्ट्रोब, आखूड आर्म. पाण्यात कशालाही न शिवता एका जागी ५ मिनिटं राहता येईपर्यंत तोच ठेवा. हे मी मनापासून सांगते, आणि मला कुणी असं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. सांगितलं होतंच की, नाही ऐकलं. शिवाय कॉम्पॅक्टने तो फोटो आला नसता. नाही, आला असता, मासा वळला असता तर. वळला असता का?

आता माझ्या आर्मवर फ्लोट आहेत, डावा स्ट्रोब मी बहुतेक वेळा काढूनच ठेवते. परवा पुन्हा एकाने तोच फोटो दाखवून विचारलं. मी बॉडी सांगितली, लेन्स सांगितली, एफ/१६, १/२०० हेही सांगितलं. त्याने लिहून घेतलं. पूर्ण फ्रेम अजून डिस्कवर आहे, कोपऱ्यासकट. ती लावायची की नाही, ते ठरलेलं नाही.