नववा ड्रॉबार आणि बाबांचा भाता

आमच्या एका गाण्यात अंतऱ्याच्या मागे ऑर्गन हवा होता, तो जुना हॅमंड बी-३ वाला घरघरता आवाज. आता १९५४ ते ७४ या काळात बनलेलं, बाक आणि पायपट्ट्या धरून १९० किलोच्या आसपास जाणारं ते धूड कर्वेनगरमधे बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, त्यामुळे सॉफ्टवेअरच. आधी सेटबीफ्री नावाच्या फुकटच्या ऑर्गन-सॉफ्टवेअरवर थोडा हात बसवला आणि मग एका विकतच्या प्लगइनचा (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे जोडायचं वाद्य) डेमो टाकला.

पहिल्या रात्री जे काही वाजलं ते दुपारच्या सिरियलमधल्या रडारडीच्या सीनसारखं होतं. कारण मी पियानो वाजवतो तसाच वाजवत होतो ना! इथे पट्टी जोरात हाणा नाहीतर हळू दाबा, आवाज तेवढाच. सस्टेन पण नाही, बोट उचललं की सूर गेला, त्यामुळे एक बोट सुटायच्या आत दुसरं पोचायला पाहिजे.

मग ड्रॉबार, म्हणजे ऑर्गनवरच्या ओढायच्या दांड्या. एका सेटमधे नऊ, प्रत्येक बाहेर ओढला की त्या सुरात एकेक वरचा-खालचा सूर मिसळतो, किती ओढला त्याचे आकडे ० ते ८. माझ्या कीबोर्डला नॉब आठच, म्हणजे नववा माउसने ओढायचा. आणि नेमका तोच वाजेना. पूर्ण ओढला तरी शून्य फरक. प्लगइन उडवलं, परत टाकलं, परत उडवलं, रात्रीचे दोन वाजले, शेवटी नाइलाजाने मॅन्युअल उघडलं (जे पहिल्यांदाच उघडायला पाहिजे होतं, माहितीये). तर मी पर्कशन ऑन ठेवलं होतं. मूळ बी-३ मधे पर्कशनचा तो सुरुवातीचा 'टक्' नवव्या ड्रॉबारच्या काँटॅक्टवरून चालतो, त्यामुळे पर्कशन चालू केलं की नववा गप्प. साठसत्तर वर्षांपूर्वीच्या वायरिंगची खोड यांनी जशीच्या तशी उचललीय! तो 'टक्' पण सगळी बोटं उचलून परत दाबलं तरच येतो, सलग वाजवलं तर फक्त पहिल्या सुराला.

तरी वाजवणं मेल्यासारखंच. रविवारी बाबा खोलीत आले, ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, याला भाता कुठाय?" म्हणलं, बाबा, हे इलेक्ट्रिक आहे. तर त्यांनी खुर्ची ओढली आणि उजव्या हाताने वाजवायला लागले, डावा हात आपोआप हवेत भाता मारतोय. तेव्हा ट्यूब पेटली. खऱ्या ऑर्गनला आवाज कमीजास्त करायला पायाखाली एक्स्प्रेशन पेडल असतं आणि वाजवणारे ते सारखं हलवत असतात. माझ्याकडे ते पेडल नाही, म्हणून एक्स्प्रेशन मॉडव्हीलला (कीबोर्डवरचं डाव्या हाताचं चाक) जोडलं आणि डावा हात त्यावर ठेवला. झाला भाता!

राहिला लेस्ली, म्हणजे तो फिरणारा स्पीकर. वर हॉर्न, खाली ड्रम. हळू फिरताना मिनिटाला साधारण ४० फेरे, जोरात ४०० च्या आसपास. हॉर्न सेकंदाभरात वेग घेतो पण ड्रम जड, त्याला चारपाच सेकंद लागतात. मी हळूवरून जोरात न्यायचा स्विच बरोब्बर समेवर टाकत होतो आणि खरी गरगर पुढच्या ओळीत यायची, मग ऑटोमेशन (स्विच आपोआप पडायची सॉफ्टवेअरमधली खूण) दोन सेकंद आधी सरकवलं तेव्हा कुठे अंतरा उचलला गेला. मधे लॅपटॉप कडकड करायला लागला म्हणून बफर (आवाज वाजण्याआधी लॅपटॉप किती साठवून ठेवतो तो आकडा) वाजवताना २५६ आणि मिक्सला १०२४ ठेवला.

अंतऱ्यातल्या शेवटच्या चार मात्रा बाबांनीच वाजवल्यात. एवढं करून गायिका म्हणाली ऑर्गनखाली माझे शब्द बुडतायत, म्हणून फायनलला तो ३ डीबी खाली गेला आणि नववा ड्रॉबार शेवटपर्यंत बंदच राहिला.