तुम्ही विचारलंत म्हणून: कल्पना कुणाची, सही कुणाची?

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या संशोधन विभागांत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे नोकरीच्या शोधातली मुलं हमखास विचारतात, "खरं नवं काम मुख्यालयातच होतं ना? बाकीच्या देशांतली केंद्रं म्हणजे नुसती हमाली?"

पुष्कळदा तसंच असतं. पण डोकेबाज माणसांची वानवा कुठल्याच केंद्रात नसते. गाडी अडते ती पैशाला मंजुरी मिळण्यापाशी. नव्या प्रकल्पाच्या अर्जात 'बाजारपेठ किती मोठी?' असा एक रकाना असतो. छोट्या किंवा गरीब देशातून आलेली कल्पना तिथेच गारद होते. (सत्ता कुठे आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कॉलची वेळ. मुख्यालयातली माणसं कधीच झोपमोड करून कॉलवर येत नाहीत.)

मग देशोदेशीच्या शाखांना मोकळं सोडावं का? फिलिप्स या डच कंपनीने तसं केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेलं, बाहेरच्या शाखा आपापल्या हिमतीवर चालल्या आणि ती सवय पुढेही टिकली. त्याचं फळ चांगलं मिळालं. फिलिप्सचा पहिला रंगीत टीव्ही कॅनडात तयार झाला, पहिला स्टिरिओ टीव्ही ऑस्ट्रेलियात, टेलिटेक्स्टवाला (पडद्यावर बातम्या-माहितीचा मजकूर दाखवणारा) ब्रिटनमध्ये. पण १९७९ मध्ये कंपनीने व्ही२००० हा व्हिडिओ रेकॉर्डर आणला. कॅसेट उलटी करून दोन्ही बाजूंनी वापरता यायची, एकेका बाजूला चार तास. यंत्र उत्तम होतं. तरी कंपनीच्याच अमेरिकी शाखेने ते विकायला नकार दिला आणि मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेले, व्हीएचएस या प्रतिस्पर्धी पद्धतीचे रेकॉर्डर स्वतःच्या ब्रँडखाली विकले. घरचेच असे उलटल्यावर बाहेरच्यांशी काय लढणार!

मला पटलेलं उत्तर चीनमधल्या वूशी शहरातलं आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीची मोठी अल्ट्रासाउंड यंत्रं लाखभर डॉलरच्या पुढे जायची. तिथल्या ग्रामीण दवाखान्यांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. या यंत्रातलं हार्डवेअरचं बरंचसं काम सॉफ्टवेअरवर टाकायची खटपट त्याच कंपनीच्या इस्राएलमधल्या मंडळींनी आधीच केली होती. कंपनीच्या वूशीमधल्या तुकडीने ते उचललं आणि साध्या लॅपटॉपवर चालणारं यंत्र २००२ मध्ये बाजारात आणलं. २००७ पर्यंत त्याची किंमत १५,००० डॉलरपर्यंत उतरली. चित्र मोठ्या यंत्राइतकं स्वच्छ नव्हतं, पण सुजलेलं यकृत किंवा पित्ताशयातले खडे ओळखायला पुरेसं होतं. पुढे हेच यंत्र श्रीमंत देशांत ॲम्ब्युलन्समध्ये आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन बसलं.

लोक हा किस्सा स्वस्त यंत्राचा म्हणून सांगतात. माझ्या मते त्यातली खरी करामत कारभाराची आहे. त्या तुकडीचा नफा-तोटा स्वतंत्र होता. काय बनवायचं, कुणाला नेमायचं, कितीला विकायचं हे तिचं तिने ठरवायचं. आणि तिचा प्रमुख मधल्या साहेबांच्या उतरंडीत न अडकता थेट जगभरच्या अल्ट्रासाउंड व्यवसायाच्या प्रमुखाला जाब द्यायचा. ही शेवटची गोष्ट नसती, तर इस्राएलमधलं तंत्र तिच्या हाती इतक्या सहज लागलं नसतं.

प्रॉक्टर अँड गॅम्बलचं लिक्विड टाइड (१९८४) तर अमेरिका, जपान आणि बेल्जियम अशा तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांचं मिळून झालं. मळ पाण्यात तरंगत ठेवण्याची युक्ती एकीची, मळ सोडवणारं रसायन दुसरीचं, पाण्यातल्या क्षारांवरचा उपाय तिसरीचा. असं मेतकूट ईमेलवर जमत नाही. माणसं वर्ष-दोन वर्षं दुसऱ्या देशात जाऊन राहावी लागतात, आणि खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री नेमकी त्यावरच चालते.

तेव्हा मुलाखतीला जाल तेव्हा 'इनोव्हेशन सेंटर'ची रंगीत भिंत बघून हुरळू नका. मुख्यालयाला न विचारता इथला प्रमुख किती रकमेवर सही करू शकतो, ते विचारा. इथून मुख्यालयात गेलेलं आणि परत आलेलं कुणी आहे का, तेही विचारा. दोन्ही उत्तरं गुळमुळीत आली तर पगार नीट वाटाघाट करून घ्या, कारण काम बहुधा सांगकाम्याचंच असेल.