ब्रेकची प्लेट मळकी का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी लावली की कुणीतरी पुढच्या चाकापाशी वाकतं आणि प्रश्न येतो, "टाकी एवढी लखलखीत, मग ब्रेकची प्लेट अशी मळकी का ठेवलीत?" पेट्रोल पंपावर हेच, लग्नाच्या मांडवाबाहेर हेच. गाडी १९७१ची जावा मोटारसायकल, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. पन्नाशी उलटल्यामुळे सरकारी व्याख्येतही व्हिंटेज. म्हणजे लोकांची अपेक्षा अशी की ती सोन्याच्या दुकानातल्या काउंटरसारखी दिसली पाहिजे.

आधी एक सांगतो. ती प्लेट म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या ड्रमचं ॲल्युमिनियमचं झाकण, आतले शू त्यावरच बसतात. ती मळकी नाही, मॅट आहे, म्हणजे बिनचकाकीची. आणि मी ती एकदा चकचकीत करून बघितलेली आहे.

पहिल्यांदा गाडी पूर्ण उघडली तेव्हा हौसेने दोन्ही प्लेटा पावडर कोटिंगला, म्हणजे पावडरीचा रंग भट्टीत भाजून बसवायला दिल्या. काळाभोर, आरसा दिसेल असा रंग. कॅमचं भोक बुजवून मग कोटिंग करा, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आता हे भोक म्हणजे काय ते बघा. ब्रेकची केबल ओढली की बाहेरचा लिव्हर फिरतो, त्याच्या स्पिंडलच्या, म्हणजे दांडीच्या टोकाचा कॅम (चपटा उंचवटा) आत फिरतो आणि दोन्ही शू, म्हणजे ब्रेकचे अर्धगोल तुकडे, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबले जातात. स्पिंडल त्या भोकात मोकळा फिरला पाहिजे. त्यासाठी ठेवलेली जागा असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. पावडरचा थर असतो ६० ते १०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), तोही भोकाच्या भिंतीला सगळीकडून. म्हणजे सगळी जागा त्या रंगानेच खाल्ली. हाताने स्पिंडल जाईना, तेव्हा मी काय केलं? ग्रीस लावून लाकडी हातोडीने ठोकला. हा गाढवपणा पूर्ण माझा, त्यात कुणाचा वाटा नाही.

मे महिनाभर ब्रेक ठीक चालला. जुलैत बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो. धुकं, वरून धार. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर लक्षात आलं की ब्रेक सोडला तरी गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी चाललीय. बाजूला घेतली. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर पावसाचे थेंब पडून चर्र आवाज येत होता. बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. दाबताना केबलचा जोर होता म्हणून कॅम फिरत होता. परत यायचं काम एकट्या स्प्रिंगचं, तिला तो जड स्पिंडल हलेना. बुटाने लिव्हर मागे ढकलला, पुढचा ब्रेक सोडूनच दिला आणि मागच्यावर घाटाखालच्या केरीपर्यंत उतरलो. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतं असतं, हे त्या दिवशी पोटात कळलं.

साखळी गावातल्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकने, प्लेट हातात घेतली, नखाने भोकाची कड खरवडली आणि म्हणाले, "कितें केलें रे हें? ब्रेक काय देव्हाऱ्यात ठेवतलो?" मग भोक साफ करून गनमेटलचा बुश, म्हणजे आत बसणारी धातूची नळी, बसवून दिला. कोटिंग मी घरी तीन दिवस बसून उतरवलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. चाक काढलं की आधी ओलं फडकं. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ती धूळ कंप्रेसरने कधीच उडवायची नाही, तोंडाने फुंकर तर नाहीच. मग शू बाजूला ठेवायचे आणि प्लेट रॉकेलने धुवायची. कुणीतरी तुम्हाला कॉस्टिक सोड्याचा सल्ला देईल. ऐकू नका. ॲल्युमिनियम त्यात फसफसून काळं पडतं आणि वरचा थर खाऊन जातो. भांडी घासायची हिरवी घासणी, मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, हाताने, गोल गोल. दोन संध्याकाळी जातात. बफिंगच्या चाकावर हेच काम दहा मिनिटांचं, पण ओतकामातली अक्षरं आणि प्लेटच्या कडा झिजून साबणाच्या वडीसारख्या होतात.

आणि समजा आरसा केलाच, तर तो टिकवायचा कसा? आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राचं खारं वारं. उघडं पॉलिश एका पावसात पांढरं पडतं. म्हणून लोक त्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण मारतात. लॅकरला खडा लागून टवका उडाला की तिथून खारा ओलावा आत शिरतो आणि लॅकरच्या खालून पांढऱ्या नागमोडी रेषा पसरत जातात, किड्याने पान कोरावं तशा. मग सगळं लॅकर उतरवा, परत घासा. शेजारच्या मुलाने लग्नासाठी बुलेटच्या प्लेटा आरशासारख्या करून घेतल्या होत्या. चवथीपर्यंत त्या रेषा आल्याच. मी मॅट प्लेटवर नुसतं मेण चोळतो. डाग पडला तर पाच मिनिटांत घासून पुन्हा मेण.

लोखंडी भागांचं वेगळं. लिव्हर, नट, वॉशर रात्रभर सुरेच्या, म्हणजे माडीच्या व्हिनेगरमध्ये. आमच्या घरात तो नसतो, पलीकडच्या ख्रिश्चन शेजारीणबाई बाटली देतात आणि दर वेळी विचारतात, सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा पदार्थ) कधी करताय. सकाळी गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो. खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच कोरडं करायचं, तेल लावायचं. चहा प्यायला गेलात तर परत तांबूस. हवं तर नंतर झिंक प्लेटिंग. शूच्या स्प्रिंगा मात्र आम्लात नाही आणि प्लेटिंगलाही नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि स्प्रिंग एके दिवशी तुटते. त्या नवीनच घालायच्या.

ड्रमच्या आत रंग, मेण, तेल काही नाही. ड्रमची आतली कड बिडाची असते, शू तिच्यावरच घासतात. जुलैत चार दिवस गाडी उभी राहिली की त्यावर तपकिरी साय धरते आणि पहिला ब्रेक गचकन लागतो. ८० नंबरचा पेपर आडवा-उभा फिरवून ती काढतो, कोरड्या फडक्याने पुसतो.

आणि कॅमच्या स्पिंडलला ग्रीस, उष्णता सोसणारं, नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर वितळून शूच्या लायनरवर जातं.

हे सगळं बसवून झालं की केबल जोडायच्या आधी लिव्हर बोटाने दाबायचा आणि सोडायचा. टक असा आवाज होऊन तो आपसूक जागेवर आला पाहिजे. आला नाही तर चाक परत खोला.